डायनासोर उल्केने संपले की आपल्या सह्याद्रीच्या लाव्हाने?

सावित्रीकाठ
नमस्कार. महाडजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. परवा आठवीच्या वर्गात एकाने विचारलं, "बाई, डायनासोरांना मारणारी उल्का ती लोणारचीच ना?" त्याचं उत्तर सोपं होतं. लोणारचं विवर ज्या बेसाल्टमध्ये आहे, तो लाव्हा डायनासोरांच्या अखेरीच्या काळातला. थिजलेल्या कातळावर पडलेली उल्का त्या कातळाच्या नंतरचीच असणार. शिवाय ते विवर जेमतेम 1.8 किलोमीटर रुंद आहे.
पण लगेच एक मुलगी म्हणाली, "मग दादा म्हणतो की आपला घाट ज्या लाव्हाचा झालाय त्यानेच डायनासोर मेले, ते खरं का?" इथे मी अडले. उल्का आणि लाव्हा, दोन्ही एकाच सुमारास घडलं असेल तर दोष कोणाचा हे ठरवतात कसं? कोणी नीट समजावून सांगेल का?

कातळकडा
ताई, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. जगभरचे भूशास्त्रज्ञ 40 वर्षं याच प्रश्नावर भांडताहेत. मी भूशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि पुढे बोगद्यांच्या कामांवर ह्याच बेसाल्टचे कोअर (छिद्र पाडून काढलेले खडकाचे दंडगोल) तपासत आलो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी उल्का. 1980 साली लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ ह्या बापलेकांनी फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांच्यासह इटलीतल्या गुब्बिओजवळचा मातीचा एक पातळ थर तपासला. त्यात इरिडियम आजूबाजूच्या चुनखडीच्या सुमारे 30 पट निघालं. पृथ्वीच्या कवचात हा धातू अगदी नगण्य, काही उल्कांमध्ये मात्र भरपूर. डेन्मार्क आणि न्यूझीलंडमध्येही त्याच वयाच्या थरात तसंच दिसलं. पण विवर कुठे होतं? मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर तेल शोधणाऱ्या पेनफिल्ड आणि कामार्गो यांनी 1981 मध्येच जमिनीखालच्या प्रचंड वर्तुळाबद्दल सांगितलं होतं, पण फारसं कोणी लक्ष दिलं नाही. ते वर्तुळ म्हणजेच हवं असलेलं विवर, हे 1991 नंतर मान्य होऊ लागलं. त्याचं नाव चिक्शुलूब, रुंदी सुमारे 180 किलोमीटर, वय 6 कोटी 60 लाख वर्षं.

मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगा: उल्का कुठे पडली याला फार महत्त्व आहे. तिथला खडक चुनखडीचा आणि जिप्समचा, म्हणजे गंधकाने भरलेला. 2016 मध्ये विवरात खोल छिद्र पाडून कोअर काढले, तेव्हा आजूबाजूच्या खडकात असलेलं जिप्सम विवरातल्या भरावात जवळजवळ नव्हतंच. ते वाफ होऊन आकाशात गेलं. गंधकाची वाफ, बारीक धूळ, आगीची काजळी, सगळं मिळून सूर्य झाकला गेला. प्रकाशसंश्लेषण थांबलं, की आधी झाडं जातात, मग झाडं खाणारे, मग त्यांना खाणारे.

आता आपला दख्खन. हा लाव्हा एका दिवसात आला नाही, हप्त्याहप्त्याने काही लाख वर्षं येत राहिला. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्याच्याबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू बाहेर पडले. म्हणून डायनासोरांना संपवणाऱ्यांमध्ये त्याचं नाव येतं, आणि ते उगाच नाही.

भांडण आहे ते तारखांचं. 2019 मध्ये एकाच नियतकालिकात दोन गटांचे शोधनिबंध एकत्र छापून आले. लाव्हाचं वय काढायला एका गटाने दोन लाव्हांमधल्या तांबड्या मातीच्या थरांतले झिरकॉन या खनिजाचे कण वापरले, दुसऱ्याने बेसाल्टमधला आर्गॉन. पहिला म्हणाला, लाव्हाचा एक मोठा लोंढा विनाशाच्या काही दशसहस्र वर्षं आधी सुरू झाला. दुसरा म्हणाला, सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा विनाशानंतरचा. आणि दोघंही ज्या ठिकाणावर वाद घालताहेत, ते तुमच्या घाटात आहे! बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही भूशास्त्राच्या पुस्तकांतल्या थरांची नावं आहेत, खालून वर ह्याच क्रमाने. विनाशाची रेषा पोलादपूर थराच्या पायथ्याशी किंवा त्याच्या आत कुठेतरी येते.

माझं मत विचाराल तर मारलं उल्केने. समुद्रतळाच्या गाळातून तेव्हाचं तापमान काढता येतं. त्यात दख्खनच्या वायूंमुळे आलेली सुमारे 2 अंशांची उष्णता दिसते, पण ती आघाताच्या 2 लाख वर्षांहून आधी ओसरलेली होती. विनाश मात्र इरिडियमच्या थराला चिकटून आहे.

वरोरा_रान
कातळकडांच्या मताला आमच्या भागातून जोड देते. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरांची हाडं सापडतात आणि शेतात त्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे मिळतात. 2005 मध्ये अशा गोळ्यांत गवताचे सूक्ष्म कण आढळले. त्याआधी समज असा होता की डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच. हे थर लाव्हाच्या खालचे आहेत. पण कच्छमध्ये अंजारला दोन लाव्हांच्या मधल्या गाळात डायनासोरांची हाडं आणि अंड्यांची कवचं सापडली आहेत. म्हणजे लाव्हाचे लोंढे येऊन गेल्यावरही ते तिथे अंडी घालत होते. ही गोष्ट मला तारखांच्या आकड्यांपेक्षा जास्त पटते.

निळापूल
इतक्या लवकर निकाल देऊ नका. गेर्टा केलर यांच्यासारखे अभ्यासक अनेक वर्षं सांगताहेत की आघाताच्या आधीपासूनच सागरी जीव ताणाखाली होते. राजमुंद्रीला तर लाव्हांच्या मधोमध समुद्री गाळ आहे, त्यावर त्यांनी काम केलं आहे. आणि मुंबईजवळच्या समुद्रातल्या 'शिवा' विवराचं काय?

कातळकडा
ताण होता, हे मान्यच. आधीच अशक्त झालेल्यांना आघात जड गेला असेल. पण ताण म्हणजे नामशेष होणं नव्हे. सुमारे 75 टक्के प्रजाती एकदम गेल्या, हे हळू चाललेल्या ऱ्हासाचं लक्षण नाही. 'शिवा'बद्दल सांगायचं तर शंकर चटर्जी यांनी तो तर्क मांडला, पण आघाताची खूण म्हणून तडकलेलं क्वार्ट्झ किंवा तसा सर्वमान्य पुरावा तिथून आलेला नाही. चिक्शुलूबचा माल हैतीपासून उत्तर अमेरिकेपर्यंत सापडतो.

सावित्रीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. हिवाळ्यात मुलांना आंबेनळी घाटात न्यायचं ठरवते आहे. तांबडा थर मुलांना ओळखता येईल का?

कातळकडा
सहज. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसेल. तो म्हणजे एक लाव्हा थंड होऊन, झिजून, वर दुसरा येईपर्यंत गेलेला काळ. मुलांना प्रत्येक पट्टा मोजायला लावा. थर फोडू नका, माती उकरू नका. आणि हिवाळाच बरा, पावसाळ्यात त्या घाटात दरडी येतात.