कोल्ड एअर इनटेक बसवलात? मोजलंत की नुसतं ऐकलंत?

धागाकर्ता

माझ्या गाडीला कोल्ड एअर इनटेक, म्हणजे इंजिनाला बाहेरची गार हवा ओढून देणारा पाइप आणि फिल्टर, बसवून चार वर्षं झाली. बसवला त्या संध्याकाळी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो, गाडी आता नुसती उडते. परवा सर्व्हिसिंगच्या निमित्ताने कंपनीचा जुना काळा फिल्टरचा डबा परत लावला आणि दोन दिवस तसाच फिरलो. गाडी तेवढीच उडत होती. गेला होता तो फक्त आवाज. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

म्हणून हे आवताण. ज्यांनी स्पोर्ट्स कारला बाहेरचा इनटेक लावलाय त्यांनी लिहा: कसा लावला, काय बिघडलं, काय मोजलं. वाटलं तेही लिहा, पण 'वाटलं' आणि 'मोजलं' यांची खिचडी नको.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. थंड हवा दाट, दाट हवेत ऑक्सिजन जास्त, म्हणून तेवढं जास्त पेट्रोल जाळता येतं. इथवर वाद नाही. २७ अंशांची हवा १० अंशांनी गार केली तर घनता साधारण साडेतीन टक्के वाढते. पण कंपनीचा डबा गरम हवा ओढतो, हे आपल्याला सांगितलं कुणी? बहुतेक आधुनिक गाड्यांत त्याचं तोंड ग्रिलमागे नाहीतर फेंडरमध्ये असतं. तो मुळातच कोल्ड एअर इनटेक आहे, फक्त दिसायला गरीब.

जीटी८६वाली

माझी टोयोटा जीटी८६, दोन लिटरचं बॉक्सर इंजिन. माहितीपत्रकात बसवायला ४५ मिनिटं लिहिली होती. मला चार तास लागले. त्यातला पाऊण तास दहाचा सॉकेट शोधण्यात गेला. तो इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये जाऊन बसला होता आणि मी जमिनीवर टॉर्च मारत होते.

या गाडीत एक गंमत आहे. इनटेकच्या नळीतून एक फाटा निघून केबिनच्या भिंतीकडे जातो. तो फक्त इंजिनाचा आवाज आत आणण्यासाठी, हवेशी त्याचा काही संबंध नाही. कंपनी त्याला 'साउंड क्रिएटर' म्हणते. मी तो काढला आणि नव्या पाइपवरच्या तोंडाला किटमधलं रबरी टोपण बसवून क्लॅम्प आवळला. माझ्या मते आवळला.

गाडी सुरू झाली. आवाज असा की शेजारची बाई काच उघडून बघू लागली. दोन दिवसांनी सिग्नलवर उभी असताना आरपीएमचा काटा वरखाली डोलायला लागला, तिसऱ्या दिवशी चेक इंजिनचा दिवा. कोड पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. झालं होतं असं, की ते तोंड हवा मोजणाऱ्या मॅफ सेन्सरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला आहे. टोपणाच्या कडेतून शिरणारी हवा सेन्सरला दिसतच नव्हती आणि संगणक न दिसलेल्या हवेला पेट्रोल देत नाही. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, इंजिन हवा थोडीच घेतं, त्यामुळे तेवढीशी चोरटी हवाही जाणवते. पळत्या गाडीत ती लपून जाते.

शोधलं कसं ते सांगते. इंजिन चालू ठेवून एकेका जोडावर अंगठा दाबत गेले. टोपणावर दाबला आणि काटा स्थिर झाला. क्लॅम्प टोपणावर नव्हता, टोपणाच्या काठावर चढला होता. दोन मिलिमीटर खाली सरकवला, दिवा पुन्हा लागला नाही.

मोजलं काय? काही नाही. आवडलं काय? सगळं.

ट्यूनिंग करणारा

वरच्या ताईंनी मॅफचा विषय काढला ते बरं झालं. हेच माझं रोजचं काम आहे.

मॅफ म्हणजे नळीत बसवलेली एक तापलेली बारीक तार. हवा तिला गार करते, किती गार केलं त्यावरून हवेचं वजन कळतं. पण तार नळीच्या एका बिंदूवर बसते. पूर्ण नळीतून किती हवा गेली ते संगणक नळीचा व्यास गृहीत धरून काढतो. आता मूळची नळी ७० मिलिमीटरची आणि किटची ७४ ची असली, तर क्षेत्रफळ जवळजवळ १२ टक्के वाढलं. तेवढीच हवा आता तारेवरून सावकाश जाते. संगणकाला वाटतं हवा कमी झाली, आणि तो पेट्रोल कापतो.

रोजच्या चालवण्यात ऑक्सिजन सेन्सर ही चूक पकडतो आणि पेट्रोल वाढवून घेतो. गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा ओबीडी रीडर लावलात तर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे पेट्रोलमधली ही दुरुस्ती, अधिक दहा टक्क्यांच्या आसपास चढलेला दिसेल. खरी गोम पुढे आहे. थ्रॉटल पूर्ण दाबल्यावर बऱ्याच गाड्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं सोडून देतात आणि तक्त्याप्रमाणे चालतात. कंपनीने त्या तक्त्यात पेट्रोल मुद्दाम जास्त ठेवलेलं असतं, इंजिन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थंड राहावेत म्हणून. मॅफने कमी हवा सांगितली की ते जास्तीचं पेट्रोल थोडं कमी होतं आणि पॉवर थोडी वाढते.

म्हणजे डायनोच्या (गाडीची पॉवर मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर दिसलेल्या वाढीतला काही भाग थंड हवेचा नसतोच. कंपनीने ठेवलेली सुरक्षेची शिल्लक मोडून आणलेली ती पॉवर असते. शिल्लक किती उरली हे हवा-पेट्रोलचं मिश्रण नेमकं मोजणारा वाइडबँड सेन्सर लावल्याशिवाय कळत नाही. मी दरवेळी सांगतो, गिऱ्हाईक दरवेळी विचारतं, 'पण आवाज येईल ना?'

डायनोबद्दलही बोलून घेतो. आधीची फेरी बॉनेट बंद आणि नंतरची उघडं ठेवून केली, की निकाल हवा तसा येतो. पंखा कुठे ठेवला, इंजिन किती तापलं, फेऱ्यांमध्ये किती वेळ गेला, सगळं मोजावं लागतं. काहीही न बदलता लागोपाठ तीन फेऱ्या मारा, एक-दोन टक्क्यांचा फरक सहज दिसेल. मग इनटेकची दोन टक्के वाढ तुम्ही ओळखणार कशी?

उघड्या फिल्टरवाला

माझं छोटं प्रकरण. मी लांब पाइपचा नाही, आखूड पाइपचा घेतला. फिल्टरचा शंकू सरळ इंजिनाशेजारी. ओबीडीवर इनटेकचं तापमान लिहून ठेवलं. बाहेर ३०. वाहतुकीत दहा मिनिटं रांगल्यावर आत ६२. घनतेत हा साडेनऊ टक्क्यांचा तोटा, आणि तापमान चढलं की संगणक स्पार्कही मागे खेचतो, म्हणजे ठिणगी उशिरा देतो. मोकळ्या रस्त्यावर पाचेक मिनिटांत ३८ वर उतरलं. मूळ डब्यात याच प्रवासात ४५ च्या वर गेलं नव्हतं.

नंतर ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून आडोसा केला, वरून बॉनेटला टेकेल अशी रबरी पट्टी लावली. ६२ चे ५१ झाले. थोडक्यात, मी डबा काढला आणि मग घरी बसून डबाच बनवला.

भिजलेला

माझा लांब पाइपचा होता, फिल्टर बंपरच्या आत अगदी खाली, पुढच्या चाकापुढे. तिथली हवा खरंच गार. तिथलं पाणीही गार.

जोराचा पाऊस, रस्त्याच्या खोलगट भागात साचलेलं पाणी. पुढची गाडी आरामात गेली म्हणून मीही गेलो. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंतही नव्हतं. एक 'ठक' आवाज आला आणि सगळं बंद. मी काय केलं असेल? पुन्हा स्टार्टर मारला. तेवढं करू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना पिस्टन वर यायला बघतो आणि वाकते ती कनेक्टिंग रॉड. इंजिन बंद पडलं त्याच क्षणी गाडी ढकलून बाजूला घेतली असती, स्पार्क प्लग काढून पाणी उडवलं असतं, तर कदाचित वाचलं असतं. कदाचित म्हणतो, कारण पहिल्या 'ठक'मध्येच काम झालेलं असू शकतं.

इंजिन उघडल्यावर मेकॅनिकने ती रॉड हातात दिली. वाकलेली आहे हे नुसत्या नजरेला पटकन कळत नाही. शेजारी सरळ रॉड धरली तेव्हा कळलं. ती माझ्या टेबलावर आहे, कागदांवर ठेवायला.

टर्बोवाला

टर्बोचं गणित वेगळं. टर्बो हवा दाबताना ती तापवतो आणि पुढे इंटरकूलर तिला गार करतो, त्यामुळे सुरुवातीला हवा पाच अंशांनी गार असण्याचं महत्त्व बरंच कमी होतं. शिवाय संगणक ठरलेला बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, गाठून देतो. वाट मोकळी केली तर टर्बोला थोडे कमी कष्ट पडतात, बूस्ट किंचित लवकर येतो असं मला वाटलं. हे 'वाटलं'च्या खात्यात. बूस्ट आणि वेग नोंदवले, बदल दाखवता येईल असं हाती काही लागलं नाही.

बाकी थ्रॉटल सोडला की 'फ्शश्श' ऐकू येतं. तो झडपेतून परत नळीत जाणाऱ्या हवेचा आवाज. आधीही होता, डबा तो गिळत होता.

एस२०००वाला

होंडा एस२०००. मॅफ नाहीच, मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजून काम चालतं, त्यामुळे वरची व्यासाची भानगड मला लागू नाही. व्हीटेकचा, म्हणजे झडपा उघडण्याच्या होंडाच्या यंत्रणेचा, कॅम बदलतो तेव्हा जो आवाज येतो त्यासाठी लावला. मोजायचं नाही. कृपया मला मोजायला लावू नका.

पाण्याच्या नळीवाला

धागाकर्त्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्याकडे असावं. डायनो न लावता मूळ डबा इंजिनाचा श्वास किती अडवतो ते मी मोजलं, गवंडी पातळी बघायला वापरतात तसल्या पारदर्शक नळीने.

दीड-दीड मीटरच्या दोन भुजा होतील अशी नळी घेतली, लाकडी फळीवर इंग्रजी 'यू'सारखी वाकवून बांधली, निम्म्यापर्यंत रंगीत पाणी, मध्ये चिकटवला मोजपट्टीचा कागद. एक टोक मोकळं. दुसरं टोक बारीक नळीने फिल्टरच्या पुढे, थ्रॉटलच्या झडपेच्या अलीकडे जोडलं. इंजिन ओढ घेतं तसं एका भुजेत पाणी चढतं, दुसऱ्यात उतरतं. दोन पातळ्यांत १० सेंटिमीटर फरक म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जवळपास १ टक्का गेला. बिनटर्बो इंजिनात पॉवरही साधारण तेवढीच जाते, त्यामुळे आकडा लगेच समजतो.

बंद ट्रॅकवर गेलो. मित्र शेजारी फळी मांडीवर घेऊन, फोनवर चित्रीकरण करत. तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण दाबून लाल रेषेपर्यंत. मूळ डबा: २२ सेंटिमीटर. मग नळीचं तोंड फिल्टरच्या अलीकडे हलवलं: १६. म्हणजे फिल्टरचा वाटा फक्त ६. बाकीचे १६ डब्याच्या, हवा ओढणाऱ्या चिंचोळ्या सोंडेचे. फिल्टरचा कागद बदलून कापूस घालण्यात एवढा जीव का टाकला, असं तेव्हा वाटलं. नवा इनटेक लावून पुन्हा: १३. कमाई ९ सेंटिमीटर, म्हणजे ०.९ टक्के. तीही लाल रेषेजवळ. ३,००० आरपीएमला फरक बोटभरसुद्धा नव्हता.

कुणी 'रॅम एअर', म्हणजे पळत्या गाडीत वाराच हवा आत कोंबतो, असं म्हणायच्या आत सांगतो. ताशी १०० किलोमीटरला समोरच्या वाऱ्याचा दाब, पूर्णच्या पूर्ण मिळाला तरी, अर्धा टक्का भरत नाही. २०० ला पावणेदोन-दोन टक्के.

मूळ डबा परत लावलाय. सोंड मात्र थोडी रुंद करून घेतली.

फिल्टर धुणारी

कापडी फिल्टर वापरणाऱ्यांना एकच सांगणं. धुतल्यावर तेल हात राखून. मी 'अजून थोडं' करत दोनदा फवारलं. जादा तेल उडून मॅफच्या तारेवर बसलं, वर धूळ चिकटली, आणि महिनाभर गाडी पिकअपला अडखळत होती. तारेला बोट किंवा कापूस लावू नका, ती केसासारखी आहे. मॅफसाठीच मिळणारा क्लीनर लांबून फवारायचा, पूर्ण वाळू द्यायचं, मग जोडायचं. आणि फिल्टरही वाळल्याशिवाय तेल नाही.

धागाकर्ता

नळीवाले, हे मला करायचंच आहे. नळी आणली, फळी आहे. नळीला फाटा काढणारी टी कुठे जोडू? ब्रेक बूस्टरकडे जाणारी नळी हाताशी येते, तिथे चालेल?

पाण्याच्या नळीवाला

नाही! थांबा! ती नळी थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डवर असते. आयडलला तिथे सहा-सात मीटर पाणी खेचेल एवढी ओढ असते. फळीवरचं सगळं पाणी एका दमात इंजिनात जाईल आणि 'भिजलेला' यांच्यासारखी तुम्हालाही कागदांवर ठेवायला रॉड मिळेल. थ्रॉटलच्या अलीकडे, फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या मधल्या रबरी पाइपवर जोडा. आणि वाटेत एक रिकामी बाटली ठेवा, चुकून पाणी आलंच तर तिच्यात पडेल.

धागाकर्ता

बूस्टरची नळी काढून ठेवली होती. परत लावायला चाललोय.