७०७५ ॲल्युमिनियमची ब्रॅकेटं भट्टीतून फोड येऊन आली, वाचतील काय?

उद्यमबाग_शेड:
नमस्कार मंडळी. आमचं उद्यमबागला छोटं शेड आहे, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीनं), एक प्रेस ब्रेक (पत्रा वाकवायचं मशीन), बास. एका पार्टीची ७०७५ ची एल ब्रॅकेटं घेतली, ८ एमएम जाडी, ४० नग. प्लेट टी६५१ मधली, म्हणजे आधीच कडक केलेली, आली, प्रेसवर पहिले दोन पीस ठाककन मोडले, बेंडच्या बाहेरच्या अंगाला सरळ भेग. मग पोरानं साबण घासून गॅसनं तापवून, म्हणजे साबण काळा पडला की थांबायचं ही आपली जुनी पद्धत, बाकीचे ३८ वाकवले. लोण्यासारखे वाकले ओ. पण ड्रॉइंगवर टी६ (भट्टीत ट्रीटमेंट करून कडक केलेलं) लिहिलंय आणि बेंड तर मऊ पडला, म्हणून ओळखीच्या एका भट्टीवाल्याकडं दिले. त्यानं ६०६१ या दुसऱ्या ॲल्युमिनियमच्या लॉटसोबतच घातले, ५३० डिग्री, पाण्यात काढले, मग १७५ ला ८ तास. आले तर अंगावर फोड, काही मोहरीएवढे काही वाटाण्याएवढे, हार्डनेस कुठं ११० बीएचएन (ब्रिनेल आकडा) कुठं १२५. ११ नगांवर मात्र एकही फोड नाही. ते तरी परत बरोबर ट्रीटमेंट करून वाचतील काय? भट्टीवाला म्हणतो "ॲल्युमिनियम ते ॲल्युमिनियम, काही फरक नाही". सोमवारी माल द्यायचाय.

हत्तरगी_शिफ्ट२:
फरक नाही म्हणणाऱ्याला आधी चहा पाजा आणि मग नमस्कार करा. भावा, ७०७५ मध्ये साडेपाच टक्क्यांच्या आसपास जस्त, अडीच टक्के मॅग्नेशियम आणि दीड टक्का तांबं असतंय. ही मंडळी ग्रेनच्या, म्हणजे धातूच्या बारीक दाण्यांच्या, कडेला गोळा होतात आणि तिथला भाग ४७७ डिग्रीच्या आसपासच वितळायला लागतो. शेंगदाण्याची चिक्की तव्यावर परत तापवली की दाणे तसेच राहतात आणि मधला गूळ पाघळतो ना, तसंच. गार झाल्यावर गूळ परत घट्ट होतो खरा पण मध्ये पोकळ्या राहतात, आणि जोड ठिसूळ. ५३० म्हणजे तू ५० डिग्री वर गेलास. ६०६१ ला ५३० बरोबरच आहे, त्याचं वितळणं सुरू होतंय ५८० च्या पुढं, म्हणून त्याच भट्टीत त्याचा लॉट बरा निघाला.

फोड आलेले २७ तर गेलेच. बिनफोडाचे ११ पण मी घेणार नाही, वितळलेली कड बाहेरून दिसत नाही, आणि परत कितीही ट्रीटमेंट केली तरी ती सांधत नाही. खात्री पाहिजे तर एक नग कापून पॉलिश करून कुठल्याही कॉलेजच्या मेटलर्जी लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली बघून घे.

७०७५ चं म्हणशील तर ४६५ ते ४७५ ला सोल्यूशन (तापवून जस्त-मॅग्नेशियम आत विरघळवायचं), भट्टीचं दार उघडल्यापासून पाण्यात बुडेपर्यंत १५ सेकंदांच्या आत, मग १२० डिग्रीला २४ तास एजिंग (मंद तापवून कडक करायचं). तेव्हा १५० बीएचएन येतंय. १७५ ला ८ तास म्हणजे ओव्हरएज, एजिंग जास्त होऊन परत मऊ, त्यामुळं पण तुझा आकडा पडला. आणि एक, पाण्याची टाकी पत्र्याखाली असली तर दुपारी थर्मामीटर घाल, आमच्याकडं एप्रिलमध्ये नुसतं टाकीचं पाणीच चाळिशीला टेकतंय. कोमट पाण्यात हळू गार झालं की जस्त-मॅग्नेशियम आधीच ग्रेनच्या कडेला बसून जातात, मग एजिंगला काय उरणार.

खानापूर_रोड:
पार्टीला एकदा विचारून बघा ना, ६०६१ टी६ चालतंय काय. ताकद निम्म्याजवळ आहे हे खरं, ३१० एमपीए कुठं आणि ५७० कुठं. पण ब्रॅकेट लवू नये एवढंच पाहिजे असलं तर दोघांचा मॉड्युलस, म्हणजे लवायला होणारा विरोध, सारखाच, ७० जीपीएच्या आसपास. कितीतरी ड्रॉइंगवर ७०७५ नुसतं भारी वाटतंय म्हणून लिहिलेलं असतंय.

हत्तरगी_शिफ्ट२:
विचारायला हरकत नाही, पण न विचारता बदलू नका. आणि विचारतायच तर टी६ का टी७३ (मुद्दाम जास्त एजिंग केलेलं) तेपण विचारा. ब्रॅकेट सतत ताणाखाली आणि दमट हवेत राहणार असली तर टी६ ला स्ट्रेस करोजनची (ताण आणि गंज मिळून) भेग पडतीय. टी७३ मध्ये १०-१५ टक्के ताकद सोडायची पण ती भीती जवळजवळ जाते. आणि तिथं नुसत्या हार्डनेसवर पास करत नाहीत, एडी करंटनं कंडक्टिव्हिटी (वीज किती वाहते ते) बघतात, ३८ टक्के आयएसीएसच्या (तांब्याच्या तुलनेतलं माप) वर पाहिजे.

निपाणीकर_काका:
पोरांनो, वाकवायची वेळच चुकली की. गॅस कशाला? पाण्यातून काढल्या काढल्या ७०७५ मऊ असतंय, तेव्हाच तास-दीड तासात मोठ्या रेडियसवर वाकवायचं, पाण्यात टाकून ॲंगल उघडला असला तर तोपण त्याच वेळी सरळ करायचा, आणि मग एजिंग. नंतर ते आपलं आपण कडक व्हायला लागतंय. ही गोष्ट १९०६ साली बर्लिनच्या विल्म साहेबाला पण अचानकच कळली, शनिवारी मऊ निघालेला तुकडा सोमवारी मोजला तर कडक.
तासात होत नसलं तर थंडीत ठेवायचं. विमानवाले २०२४ ॲल्युमिनियमचे रिव्हेट फ्रीझरमध्येच ठेवतात. मी एकदा ३० पट्ट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्या गल्लीतल्या आईस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवल्या, उणे १८ ला, सकाळी सगळ्या वाकल्या.

उद्यमबाग_शेड:
सगळ्यांचे आभार. बिनफोडाचा एक नग कापून लॅबला नेला, पोरानं मोबाईलवर फोटो पाठवला, ग्रेनच्या कडेनं काळी काळी त्रिकोणी डबकी. म्हणजे ३८ पैकी ३८ गेले. पार्टीशी बोललो, टी६ च पाहिजे म्हणाले, आठवडा वाढवून दिला. आता टी६५१ चा जाड ब्लॉक आणून सरळ व्हीएमसीवरच एल काढायलोय, चिप्स जातील पण भट्टीची भानगड नको. चिप्स ६०६१ च्या ढिगात टाकू नका म्हणून पोराला आधीच सांगितलंय.
काका, त्या आईस्क्रीमवाल्याला पिशवीत काय आहे म्हणून सांगितलेलंत?

निपाणीकर_काका:
मासे म्हणून सांगितलेलं. त्यानं वास घेऊन बघितलं की.