स्लीव्ह सर्जरीनंतर गाण्याचा आवाज बदललाय, कुणाला असा अनुभव आहे का?

काळीचार_नाशिक

नमस्कार मंडळी. वय ४६, नाशिकला असते, ख्याल शिकलेय, नाट्यसंगीत आणि अभंगही गाते, घरी मुलांचे क्लास घेते. दिवाळीनंतर माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (वजन उतरवायला जठर लहान करायची सर्जरी) झाली. वजन ११४ होतं, आता ८१ आहे. शुगर जवळपास नॉर्मलला आलीये, गुडघ्यांचं दुखणं गेलं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण गळा आपला राहिला नाही असं वाटायला लागलंय आणि त्यानं जीव नुसता कासावीस होतो.

नक्की काय होतं ते सांगते. सकाळी खर्जाला (खालच्या स्वरांच्या रियाजाला) बसले की मंद्र पंचमाच्या खाली स्वर धरतच नाही, नुसती हवा जाते, आणि सारखं खाकरावं लागतं. तोच स्वर संध्याकाळी बरा लागतो. विलंबितात आधी जी आलापी एका दमात मुखड्यापर्यंत न्यायचे ती आता मधेच तुटते, मग सम (तालाची पहिली मात्रा) गाठायला धावाधाव होते आणि ते तबलजीलाही कळतं. उलट तार सप्तक (वरचे स्वर) मात्र मोकळं झालंय, तार गंधार पूर्वी जोर लावून गाठायचे तो आता अलगद लागतो. क्लास संपेपर्यंत गळा बसलेला असतो.

गुरुजी म्हणतात रियाज कमी पडतोय. सर्जन म्हणाले पोटाच्या ऑपरेशनचा स्वरयंत्राशी संबंध नाही. घरचे म्हणतात आवाज छान हलका झालाय, पण मला तो पातळ लागतो, त्यातलं वजनच गेल्यासारखं. हे असंच राहणार का? पट्टी (गायचा मूळ सा) काळी चारवरून वर काळी पाच करू का? चातुर्मासातले दोन-तीन कार्यक्रम घेतलेत, कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

घसा_डॉक्टर_सांगली

ताई, मी ईएनटी आहे. इथे वाचून निदान करता येत नाही हे आधीच सांगतो, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात एक गोष्ट ठळक दिसते. सकाळी खराब, संध्याकाळी बरा, आणि सारखं खाकरणं. हे ऐकलं की आमच्या डोक्यात पहिल्यांदा अॅसिड रिफ्लक्स, म्हणजे जठरातलं आम्ल वर घशापर्यंत येणं, येतं. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढतात आणि उरते ती अरुंद नळी, तिच्या आतला दाब जास्त असतो, त्यामुळे आतलं वर यायला सोपं जातं. स्लीव्हनंतर रिफ्लक्स नव्यानं सुरू होणं किंवा आधीचं वाढणं हे चांगलंच माहीत असलेलं आहे. गॅस्ट्रिक बायपासमध्ये (जठराचा छोटा कप्पा करून तो थेट आतड्याला जोडतात) उलट बहुतेकांचं रिफ्लक्स कमी होतं. आणि छातीत जळजळ व्हायलाच पाहिजे असं नाही हं, पुष्कळांना जळजळ अजिबात नसते, फक्त घशात काहीतरी अडकल्यासारखं, कफ, खाकरणं, सकाळी जड आवाज. त्यामुळे तुमच्या सर्जनचं म्हणणं स्वरयंत्राला हात लावला नाही एवढ्यापुरतं बरोबर आहे, पण संबंधच नाही असं नाही.

दुसरं, भूल देताना श्वासनळीत ट्यूब घालतात ती स्वरतंतूंच्या मधून जाते. नंतर काही दिवस आवाज बसणं नेहमीचं आहे. क्वचित तिथे गाठ राहते किंवा तंतूची हालचाल बिघडते. म्हणून आमच्याकडचा नियम असा की आवाज चार आठवड्यांत पूर्ववत झाला नाही तर दुर्बिणीनं स्वरयंत्र बघायचंच, अंदाजानं गोळ्या देत बसायचं नाही. गाणाऱ्या माणसानं तर शक्यतो व्हिडिओस्ट्रोबोस्कोपी करून घ्यावी, त्यात तंतूंचं कंपन संथ केल्यासारखं दिसतं आणि पूर्ण मिटतात की नाही ते कळतं. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ पण तपासून घ्या. पाळी अनियमित झाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, या वयात हार्मोन्सचा आवाजावर स्वतंत्र परिणाम होतो.

पट्टीचा निर्णय आत्ता घेऊ नका. तंतूंवर सूज असताना ठरवलेली पट्टी सूज गेल्यावर तुमची नसते.

आल्टो_मडगाव

मी चर्चच्या कॉयरमध्ये गाते, वेस्टर्न क्लासिकल शिकलेय, ख्यालातलं फार कळत नाही पण तुमचं 'दम तुटतो' वाचलं आणि लगेच डेबोरा व्हॉइट आठवली. अमेरिकन सोप्रानो, म्हणजे उंच स्वरांत गाणारी ऑपेरा गायिका. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसनं तिला 'आरिआडने आउफ नाक्सोस' या ऑपेरामधून काढलं होतं कारण दिग्दर्शकाला हवा तो छोटा काळा ड्रेस तिच्या अंगाला बसत नव्हता. २००४ मध्ये ही बातमी जगभर झाली आणि त्याच वर्षी तिनं गॅस्ट्रिक बायपास करून घेतली. २००८ मध्ये त्याच ऑपेरा हाऊसमध्ये तीच भूमिका गायली. मला अजूनही त्या ड्रेसच्या प्रकाराचा राग येतो, माणसाचा आवाज सोडून कपड्याचं माप बघायचं म्हणजे काय!

पण सांगायचंय ते वेगळं. तिनं नंतर मुलाखतीत फार प्रामाणिकपणे सांगितलंय की आधी श्वास घेतला की शरीराचं वजनच त्याला धक्का द्यायचं, विचार करावा लागायचा नाही. नंतर फासळ्या उघड्या ठेवायची आठवण स्वतःला करून द्यावी लागायची. आवाज गेला असं ती म्हणाली नाही, पण जे आपोआप व्हायचं ते मुद्दाम करावं लागतंय असं म्हणाली. ऑपेरा गायिका मारिया कालासचं उदाहरण लोक देतात, तिनं १९५३-५४ च्या सुमारास खूप वजन उतरवलं (सर्जरी नाही) आणि पुढे आवाज लवकर ढासळला त्याचं खापर वजनावर फोडतात, पण त्यावर जाणकारांचंच एकमत नाही, तेव्हा ते ऐकून घाबरून जाऊ नका.

माझ्या टीचर म्हणतात ते मला पटतं. जाड माणसाच्या पोटातली चरबी डायफ्रामला वर ढकलते, वजन उतरलं की फुफ्फुसाला जागा वाढतेच, कमी होत नाही. म्हणजे हवा तुमच्याकडे आधीपेक्षा जास्त आहे, पण ती हळूहळू सोडायला जो आतून विरोध लागतो तो पूर्वी पोट आयता द्यायचं. आता ते काम स्नायूंनी करायचं, आणि इतकं वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात.

एकतारी

राग मानू नका ताई पण हे ऐकलं की वाटतं गाणाऱ्यानं शरीराशी एवढा खेळ करू नये. चालणं, जेवणावर ताबा, यानं सावकाश उतरलं असतं तर गळ्याला सवय झाली असती. माझ्या ओळखीत एकीचा आवाज असाच गेला. काळजी वाटते म्हणून लिहिलं.

काळीचार_नाशिक

एकतारी ताई, राग नाही, पण हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की उत्तर द्यायलाच हवं. मी वीस वर्षं चालले, डाएट केलं, उतरलं आणि दुप्पट वाढलं. इन्सुलिन सुरू झालं होतं. रात्री झोपेत श्वास अडकायचा, मशीन लावून झोपायचे. एका देवळात स्टेजच्या सहा पायऱ्या चढून गेले आणि तानपुरा जुळेपर्यंत धाप गेली नाही, लोक समोर बसलेले, आणि मी षड्ज लावायच्या आधीच घामानं भिजलेली. तो गळा शाबूत होता पण त्याला घेऊन बसणारं शरीर संपत चाललं होतं. सर्जरीचा मला क्षणभरही पश्चात्ताप नाही. मला दोन्ही हवंय, तब्येत पण आणि गाणं पण.

डॉक्टर, अपॉइंटमेंट घेतलीये. आल्टो, तुम्ही लिहिलेलं फासळ्यांचं मी आज आरशासमोर बघितलं, खरंच श्वास सोडायला लागलं की छाती लगेच खाली पडते माझी.

हरिदास_कऱ्हाड

ताई, मी कीर्तन करतो, माझी गॅस्ट्रिक बायपास झाली त्याला आता बरीच वर्षं झाली. तुमचं सगळं लक्षण मला झालेलं आहे, खाकरणं सोडून. मी जे केलं ते सांगतो, पटेल ते घ्या.

बैठक आधी बघा. जाड असताना मांडी घातली की पोट मांड्यांवर टेकायचं, पाठ त्याच्यावरच उभी राहायची. ते पोट गेलं आणि माझी कंबर मागे घसरायला लागली, पाठीला कुबड, मग श्वास कुठून पुरणार. मी बुडाखाली चार बोटं उंचीची घट्ट उशी घेतो, गुडघे कमरेच्या खाली येतात आणि पाठ आपोआप सरळ होते. हार्मोनियमही जवळ घ्या, आपण पूर्वीच्या अंतरावर ठेवतो आणि वाकून वाजवतो.

खर्ज बळानं काढू नका. मध्य षड्जावर ओंकार, हाताचे तळवे खालच्या फासळ्यांवर, स्वर चालू असताना फासळ्या तळव्यांना लावून ठेवायच्या, त्या सुटल्या की स्वर थांबवायचा, हवा शिल्लक असली तरी. हे कंटाळवाणं आहे पण यानंच माझा दम परत आला. एकेक स्वर खाली उतरायचं. पोटाला ताण द्यायला सर्जनची परवानगी घ्या, तुम्हाला आता मिळेल, मी मात्र टाक्यांच्या भीतीनं कितीतरी दिवस पोट सैल सोडूनच गात होतो.

खाण्याचं. प्रोटीन चुकवू नका, आम्हाला दिवसाला ६० ते ८० ग्रॅम सांगितलंय, ते डाळ-भातात होत नाही. पाणी एकदम पिता येत नाही त्यामुळे गाणाऱ्याचा घसा कोरडा पडतो, मी कीर्तनाच्या दिवशी सकाळपासून घोट घोट पीत राहतो, ऐन वेळी प्यायलेलं पाणी तंतूंपर्यंत पोचत नाही. खडीसाखर तोंडात धरायची सवय मोडली, आणि कीर्तनाआधी प्रसादाचा शिरा-पेढा तर नाहीच. बायपासवाल्यांना साखरेनं छातीत धडधड, घाम, गरगरणं होतं, स्लीव्हवाल्यांना कमी होतं म्हणतात पण जपा. घसा दुखला तर मेडिकलमधून आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर स्वतःहून घेऊ नका, आमच्या पोटाला त्यानं अल्सर होऊ शकतो.

आणि आवाज पातळ झालाय हे आतून ऐकू येतं ते सगळं खरं नसतं. मानेतली, घशातली चरबी कमी झाली की आतली पोकळी बदलते, आपल्याच कानाला आपला आवाज परका लागतो. त्याच तानपुऱ्यावर, फोन त्याच जागी ठेवून रेकॉर्ड करा आणि जुन्या रेकॉर्डिंगशी ताडून बघा. मी माझं ऐकलं तेव्हा कळलं की शब्द आधीपेक्षा स्वच्छ येताहेत.

काळीचार_नाशिक

अपडेट. दुर्बिणीनं बघितलं. तंतू दोन्ही छान हलताहेत, गाठ नाही (हे ऐकून तिथेच रडू आलं). मागच्या बाजूला लाली आणि सूज आहे, रिफ्लक्सच म्हणाले. औषध दिलंय, रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच, आणि माझ्या पुदिन्याच्या गोळ्या आणि आलं-लिंबू चहा दोन्ही बंद. सर्जनलाही रिपोर्ट दाखवणार आहे. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शन चालू. खर्ज अजून तसाच आहे पण खाकरणं कमी वाटतंय. हरिदास काका, उशीनं खरंच फरक पडला, धन्यवाद.

आता प्रश्न क्लासचा. मुलांना गाऊन दाखवल्याशिवाय शिकवायचं कसं? फी पण बुडवता येत नाही.

स्वरसाधना_ठाणे

मी व्हॉइस थेरपिस्ट आहे. ताई, क्लास बंद करू नका, बोलणं कमी करा. गळा गाण्यापेक्षा मुलांच्या गोंगाटावरून ओरडून सूचना देण्यानंच जास्त थकतो. कमरेला लावायचा छोटा माइक-स्पीकर मिळतो तो घ्या. ओळ एकदाच गाऊन दाखवा, मग हार्मोनियमवर द्या, जी मुलगी बरी गाते तिला पुढे गायला लावा. कुजबुजून बोलू नका, त्यानंही ताण येतो. खाकरावंसं वाटलं की एक घोट पाणी घेऊन गिळा. ग्लासात तीन-चार बोटं पाणी, त्यात स्ट्रॉ दोन बोटं बुडवून बुडबुडे काढत मध्य सप्तकात सा ते प वर-खाली, प्रत्येक बॅचच्या आधी पाच मिनिटं आणि नंतर पाच मिनिटं. गाल फुगवायचे नाहीत, आवाज ओठांशी जाणवला पाहिजे. मुलांनाही करायला लावा, त्यांना फार आवडतं. आणि दोन बॅचमध्ये अर्धा तास मोकळा ठेवा, त्या वेळात फोनवर बोलायचं नाही.