मदत हवी आहे : चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी हाताने रंगवलेली फुलांची कार्डं, सोपी फुलं सुचवा (ट्यूलिप नकोत)

कुंचलाबिंचला, कोथरूड

नमस्कार मंडळी,

आधी कबुली देते. शाळेत एलिमेंट्री दिली, सी ग्रेड मिळाली आणि इंटरमिजिएटचा फॉर्म भरायच्या आतच माझी आणि ब्रशची फारकत झाली. त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

यंदा चैत्रगौरीचं हळदीकुंकू आमच्याकडे आहे. साधारण ३४ जणी येतील. गेल्या तीन वर्षांत अशा समारंभांतून मला सात प्लास्टिकचे डबे मिळाले. त्यांची झाकणं एकमेकांच्या डब्यांना बसतात, स्वतःच्या डब्याला बसत नाहीत. म्हणून ठरवलं की भिजवलेल्या हरभऱ्यांबरोबर प्रत्येकीला पत्त्याएवढं एक कार्ड द्यायचं, त्यावर हाताने रंगवलेलं एक फूल. कुणी पुस्तकात खूण म्हणून ठेवेल, कुणी फ्रीजवर लावेल, कुणी टाकून देईल. टाकायला डब्यापेक्षा तरी सोपं.

मग 'वसंतातली सोपी फुलं' असं शोधून व्हिडिओ बघत बसले. जिकडे तिकडे ट्यूलिप, डॅफोडिल आणि चेरीचा बहर. चेरीची एक फांदी काढलीसुद्धा. सासूबाईंनी चष्मा लावून नीट बघितली आणि म्हणाल्या, "छान आहे गं. पण फांदीवर साबुदाण्याच्या पापड्या कशाला वाळत घातल्यास?"

खरं तर मलाही ते पटत नव्हतंच. खिडकीसमोरचा टॅबेबुया गुलाबी झालाय, टेकडीवर गिरिपुष्प संपत आलंय, रविवारी खडकवासल्याकडे जाताना पळस पेटलेला दिसला. हे सगळं डोळ्यांसमोर असताना मी जपानची चेरी का काढतेय?

म्हणून पळस काढायला बसले आणि फसले. नारिंगी रंग मातकट होतोय, विटेसारखा. फुलाचा आकार शिमला मिरचीवर जातोय. कागद पापडासारखा वर उचलला जातोय. आणि मोगरा काढावा म्हटलं, तर पांढऱ्या कागदावर पांढरं फूल काढायचं कसं, हेच कळेना.

जवळचं साहित्य: लेकीची १२ वड्यांची जलरंगाची पेटी, ६ नंबरचा गोल ब्रश, कार्ट्रिज पेपर. पाडव्याला बारा दिवस आहेत, तिजेला गौर बसेल. नोकरी आहे, त्यामुळे दिवसाचा एखादा तास हाती लागतो. माझ्यासारखीला जमतील अशी इथलीच चार-पाच फुलं सुचवा.

टेकडीवाला

खडकवासल्याकडचा तो पळसच होता ना? पांगाराही याच दिवसांत फुलतो, त्यालाही पानं नसतात आणि रंग लालच. पांगाऱ्याच्या फांदीवर काटे असतात आणि फुलांचे तुरे टोकाला येतात. पळसाची फांदी वेडीवाकडी, गाठाळ, आणि कळ्यांवर काळपट मखमल. चालत्या गाडीतून दोन्ही सारखेच दिसतात. हळदीकुंकवाला एखादी वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका आली तर तुमची पंचाईत नको.

कुंचलाबिंचला

गाडी थांबवून, उतरून, खाली पडलेली चार फुलं उचलून आणली होती. काळी मखमली टोपी आहे. पळसच.

नियमावर_बोट

वाण संक्रांतीला देतात. चैत्रात हरभऱ्यांनी ओटी, कैरीची डाळ आणि पन्हं.

कुंचलाबिंचला

म्हणून तर मी 'वाण' हा शब्दच वापरलेला नाही. पुन्हा वाचावं. डाळ आणि पन्हं आहेच, आपणही यावं.

निवृत्त_कलाशिक्षक

बाई, तुमची ती सी ग्रेड मीच दिलेली असू शकते, तेव्हा उत्तर देणं माझं कर्तव्य आहे.

मातकट रंगाचा दोष बहुतेक लाल वडीचा. पेटीत सहसा दोन लाल असतात. एक क्रिमसन, जांभळटाकडे झुकणारा. दुसरा शेंदराकडे झुकणारा. क्रिमसनमध्ये पिवळा घातलात की त्यातली निळसर छटा पिवळ्याचा तजेला मारते आणि हाती वीट येते. शेंदरी लाल घ्या. पिवळाही लिंबाच्या सालीसारखा हिरवट नको, आमरसाकडे जाणारा घ्या. या दोघांचा नारिंगी मातकट व्हायचा नाही. क्रिमसन फेकू नका. फुलाची सावलीची बाजू त्यानेच गडद करायची. सावली म्हणून काळा लावायची सवय शाळेतून लागते, आणि ती लावण्यात आम्हा शिक्षकांचाही हात आहे. काळी वडी पेटीतून काढून लेकीला भुतं काढायला द्या.

पाण्याचे दोन मग ठेवा. एक ब्रश धुवायचा, दुसऱ्यातलं पाणी फक्त रंगात घ्यायचं. एकाच मगात सगळं केलंत तर तिसऱ्या फुलापर्यंत तुम्ही बासुंदीने रंगवत असता.

आता आकार. पळसाच्या फुलाला पाकळ्या पाचच, पण त्या मोजून काढायला गेलात की शिमला मिरची होते. लांबून नजरेत भरते ती चोच. संस्कृतात याला किंशुक म्हणतात, 'हा पोपट तर नव्हे?' असं विचारणारं नाव. तेव्हा चोचीपासूनच सुरुवात करा. ब्रशचं टोक टेकवा, पोटापर्यंत दाबा, वळवत ओढा, उचला. मोठा स्वल्पविराम उमटेल. त्याच्या पाठीमागे उलट्या दिशेला वळलेला दुसरा फटकारा, ही वरची रुंद पाकळी. दोघांच्या मधे एक आखूड फटकारा. आता थांबा. चहा करून या. पूर्ण वाळल्यावरच बुडाशी काळसर टोपी, नाहीतर तिचा रंग नारिंगीत उतरतो आणि पुन्हा मातकट. टोपीसाठी गडद हिरव्यात तपकिरी, हवा तर निळ्याचा ठिपका.

चार हालचालींत एक फूल. पानं काढूच नका, बहरात झाडावर ती जवळपास नसतातच. कुणी 'पळसाला पानं तीनच' असं ऐकवलं तर झाड दाखवायला घेऊन जा.

सराव कागदावर करू नका. पाटी असेल तर तिच्यावर नुसत्या पाण्याने स्वल्पविराम काढा. दोन मिनिटांत वाळतात, पाटी पुन्हा कोरी. शंभर काढा. मी वर्गात हेच करून घ्यायचो, कारण मुलांचे रंग पहिल्याच आठवड्यात संपलेले असायचे.

कागदाचं उद्या लिहितो, डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली.

अप्पा_बळवंत_वारी

कागदाचं मी सांगते, सर झोपू देत. कार्ट्रिज पेपर पेन्सिलीसाठी ठीक, पाणी त्याला झेपत नाही. जलरंगाचा ३०० जीएसएमचा कागद घ्या, ए-३ आकाराचा. एका कागदाची आडवी-उभी चार-चार अशी सोळा कार्डं होतात, प्रत्येक साधारण साडेसात बाय साडेदहा सेंटिमीटर. तीन कागदांत ४८. म्हणजे ३४ देऊन १४ बिघडवायची मुभा. अप्पा बळवंत चौकात सुटे कागद मिळतात, पूर्ण पॅड घेऊ नका. आणि आधी कापू नका. अख्खा कागद कडेने मास्किंग टेपने पाटावर चिकटवा, पेन्सिलीने चौकोन आखा, सगळी फुलं रंगवा, वाळल्यावर कापा. उचलला जाणार नाही.

दहा_फुटी_बाल्कनी

पळस देखणा आहे, पण ३४ पळस एका हाताने? मी तुमच्या जागी असते तर बोगनवेल काढली असती. आपण जिला पाकळ्या म्हणतो ती तिची रंगीत पानंच असतात, एका गुच्छात तीन. खरं फूल म्हणजे मधली ती बारीक पांढरट नळी. पान काढता येणाऱ्या कुणालाही ती जमते: तीन पानं, बुडं मध्याशी आणि टोकं बाहेर करून, क्रिमसनने (सर, घ्या, क्रिमसनला काम मिळालं), वाळल्यावर बारीक शिरा, आणि मध्याशी कागदाचा इवलासा ठिपका पांढरा सोडायचा. रंग एकसारखा लागला नाही तर उलट छान, खरी पानंही तशीच विटलेली असतात. आमच्या बाल्कनीत बारा महिने असते, त्यामुळे कुणाला तिचं कौतुक नाही.

वेळेचं_गणित

एक चांगलं चित्र काढा, स्कॅन करा, ३४ रंगीत प्रिंट. अर्ध्या तासाचं काम. नोकरी करता ना?

कुंचलाबिंचला

प्रिंटच वाटायच्या तर डबे काय वाईट होते.

पण वेळेचा प्रश्न खराच आहे. पाटीवरचे स्वल्पविराम कालपासून सुरू केलेत. चोच जमतेय. मागची पाकळी अजून कानासारखी दिसते.

माहेर_सदाशिव

अगं, तिजेलाच हळदीकुंकू करायचं असं कुणी सांगितलं? गौर तिजेला बसते, पण ती अक्षय्य तृतीयेपर्यंत असते. आमच्याकडे आई महिन्यातला सोयीचा मंगळवार किंवा शुक्रवार धरायची, कधी तर दोन घरांनी आपसांत ठरवून. गौर बसव, कार्डं सावकाश कर, बायकांना नंतर बोलाव. कैऱ्याही तोवर स्वस्त होतात.

आणि मोगऱ्यासाठी पांढरा कागद घेऊच नकोस. कार्ड आधी गेरूच्या रंगाने सपाट रंगव. विटकरी तर तुला आपोआपच जमतोय! त्यावर पांढरा पोस्टर कलर दाट घेऊन बारीक ब्रशने मोगऱ्याच्या कळ्या काढ. अंगणात गेरू सारवून चैत्रांगण काढतात, तसं दिसेल. कोपऱ्यात गौरीची दोन पावलं किंवा एक कमळ काढलंस की चैत्र आला. रांगोळी येत असेल तर हे सगळ्यांत सोपं, हात तोच.

टेकडीवाला

हळदीकुंकू एप्रिलवर गेलं तर बहावाही घ्या. एप्रिल-मे त्याचा हंगाम. घोस खाली लोंबतो. वरची फुलं आधी उमलतात, टोकाकडे कळ्याच राहतात. म्हणून वर मोठे पिवळे ठिपके, खाली येताना लहान होत शेवटी मोहरीएवढे. बरेच जण उलटं काढतात आणि मग ती द्राक्षं होतात. टॅबेबुया मात्र एकेक फूल काढायच्या फंदात पडू नका. फांदीच्या टोकाशी गुलाबी झुबका, स्पंजने टेकवून. काटेसावर अनुभवानंतर.

निवृत्त_कलाशिक्षक

काटेसावर अवघड नाही. जाड पाच पाकळ्या मागे वळलेल्या, मधे पुंकेसरांचा झुबका. पण पत्त्याएवढ्या कार्डात ती मावत नाही, हे बरोबर.

कागदाचं वर लिहिलेलं योग्यच आहे. एक भर घालतो. परदेशी व्हिडिओंत ओल्या कागदावर ओला रंग निवांत पसरताना दिसतो, तसा मार्चमधल्या पुण्याच्या कोरड्या हवेत दुपारी पसरणार नाही. ब्रश उचलेपर्यंत कड वाळते आणि डाग पडतो. सकाळी आठच्या आत बसा आणि पंखा बंद ठेवा. तुमचा पळस कोरड्या कागदावरच करायचा आहे, त्याला ही अडचण नाही. गेरूचा सपाट थर मात्र सकाळीच द्या.

मागची पाकळी कानासारखी होते कारण तुम्ही तिची कडा आधी आखता. आखू नका. एकाच दाबात काढा.

चौथी_ब_ची_आई

लेक आहे ना घरी? भेंडी! देठाकडून आडवी कापा, त्या चकतीला पोस्टर कलर लावा, ठसा मारा. पाच पाकळ्यांचं फूल तयार. शाळेत आपण सगळ्यांनीच केलंय. जून, जाड भेंडी घ्या, कोवळी दबते. चकतीवरचा बुळबुळीतपणा आधी फडक्याने टिपून घ्या, नाहीतर रंग धरत नाही. ठशाच्या मधोमध इअरबडने पिवळा ठिपका. दहा कार्डं ती एकटी संपवेल.

रंगपंचमीवाला

पळसाची फुलं उकळून त्याच पाण्याने कार्डाला पिवळट हात दिला तर? आम्ही वाड्यात त्याचाच रंग खेळायचो.

निवृत्त_कलाशिक्षक

दिसतो सुंदर. मी एकदा फळ्याशेजारी लावलं होतं, उन्हाच्या तिरिपीत महिनाभरात फिकं झालं. पुस्तकात ठेवणार असतील तर करा.

कुंचलाबिंचला

पंचवीस दिवसांनी वृत्तान्त. हळदीकुंकू काल, शुक्रवारी, पार पडलं. माहेर_सदाशिव, तुमचे उपकार. तिजेला गौर बसवली आणि बायकांना निवांत बोलावलं.

पळस नऊ झाले, त्यातले दोन अजूनही शिमला मिरचीच्या नात्यातले. शेंदरी लाल घेतल्यापासून रंगाची तक्रार पूर्ण बंद, इतके दिवस मी क्रिमसनच वापरत होते. बोगनवेल अकरा, त्या खरंच कुणालाही जमतील, मी टीव्ही बघत काढल्या. गेरूवरचा मोगरा आठ, आणि सगळ्यांत आधी उचलली गेली ती हीच कार्डं. एक काकू तर म्हणाल्या, हे छापील आहे का? मी ते कौतुक समजले. बहाव्याची दोन केली आणि दोन्हींची द्राक्षं झाली, टेकडीवाला, तुम्ही सांगूनही. ती घरीच ठेवली.

शिमला मिरच्यांसकट हे अठ्ठावीस झाले. उरलेली सहा लेकीची, भेंडीची. त्यातलं एक सासूबाईंनी स्वतःसाठी बाजूला काढलं, त्यामुळे ऐनवेळी एक कमी पडलं आणि बहाव्याच्या द्राक्षांपैकी एक बाहेर काढावं लागलं. घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "द्राक्षं का?" म्हटलं, हो.

भेंड्या पाव किलो आणल्या होत्या, ठशांना चारच लागल्या. बाकीच्यांची भाजी केली.