कुटारात सापडलेली मांजरीची पिल्लं: काय पाजावं?

प्रश्न: कुटाराच्या ढिगात दोन पिल्लं सापडली. डोळे उघडे, दात जेमतेम फुटतायत. माय कालपासून फिरकली नाही. गाईचं दूध चालते का? पिसवा बी लय आहेत.

उत्तर १: म्हणजे तीन-चार आठवड्यांची. गाईचं दूध नको. त्यातली साखर पचत नाही, हगवण लागून पिल्लू सुकते. मांजरपिल्लांची दूधभुकटी मागवा. अंग गार असेल तर आधी ऊब, मगच दूध. पालथंच ठेवून पाजा. उताणं धरलं की दूध फुफ्फुसात जाते.

उत्तर २: पिसवांवर गोठ्यातलं गोचिडाचं औषध चुकूनही लावू नका! त्यातलं सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक मांजरीच्या यकृताला झेपत नाही, झटके येतात. बारीक फणीनं विंचरा, फणी साबणाच्या पाण्यात बुडवत जा. जंताचं औषध डॉक्टरांकडून, वजन करूनच.

उत्तर ३: थोडी मोठी झाली की खेळायला हात देऊ नका, चावायची खोड लागते. पऱ्हाटीच्या काडीला चिंधी बांधा. सुतळी-दोरा मात्र नको: जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले, थुंकता येत नाही, आतडं गोळा होते. शेपटीखाली दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, सरळ दवाखाना गाठा.

प्रश्नकर्ता: बरं झालं विचारलं, गोचिडाची बाटली हातातच होती.