प्रतिसाद: फ्रँचायझीवर सुनावणी का नाही?

कळवा-मुंब्र्याची वीज २०२० मध्ये टोरेंट या खासगी कंपनीकडे गेली, तेव्हा सुनावणी का घेतली नाही, असं वर विचारलंय. कारण तशी तरतूदच नाही. वीज कायदा २००३च्या कलम १४ प्रमाणे फ्रँचायझीला, म्हणजे महावितरणच्या वतीने वीज वाटणाऱ्या कंपनीला, वेगळा परवाना लागत नाही. करार महावितरण आणि कंपनी यांच्यातला. परवाना महावितरणचाच राहतो. २००७ मध्ये भिवंडीतही हेच झालं.

सुनावणी होते ती दरवाढीवर. कलम ६४ प्रमाणे दरवाढीच्या याचिकेचा सारांश जाहीर करावा लागतो, आणि लोकांच्या हरकती विचारात घेऊन वीज नियामक आयोग १२० दिवसांत आदेश देतो. ती नोटीस पेपरात इतक्या बारीक अक्षरात असते की आमच्या वडिलांना भिंग घ्यावं लागलं! त्यात शेवटची तारीख असते, ती चुकवू नका.

मी एकदा अशा सुनावणीला गेलो होतो. माझ्या आधीचे काका दहा मिनिटं मीटरवर संतापले, सगळ्यांनी मान डोलावली, हाती काही नाही. नंतर एका बाईंनी याचिकेचं पान उघडून वीजगळतीच्या एकाच आकड्यावर बोट ठेवलं, आणि समोरचे अधिकारी फायली चाळायला लागले. तेव्हा कळव्याच्या मंडळींनी बिलाची झेरॉक्स नेण्याऐवजी याचिका वाचून जावं.