टॅब्लेट आधी की आराखडा आधी? छोट्या ख्रिस्ती प्राथमिक शाळेचा प्रश्न

समितीतला_एक
आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, पहिली ते पाचवीची शाळा आहे. शंभरच्या आत पोरं, सहा शिक्षिका, त्यातल्याच एक मुख्याध्यापिका. कार्यालयात एक संगणक, तोही प्रिंटरशी कायम भांडलेला. मंडळीतल्याच एका कुटुंबाने प्रत्येक मुलाला एकेक टॅब्लेट देऊ केलाय. अट एकच, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी वाटप व्हायला हवं. पाळकसाहेब खूश आहेत. मुख्याध्यापिका म्हणतात, आधी लेखी आराखडा, मग यंत्रं.

मी बाईंच्या बाजूचा आहे, ते लपवत नाही. कुठलं यंत्र घ्यायचं हे आराखड्यात सगळ्यात शेवटी यावं. आधी हे ठरू दे की कोणत्या इयत्तेत कोणत्या विषयाला आज गाडी अडते, यंत्राने ती सुटेल का, सुटणार असेल तर वर्गात ते कोण चालवणार, त्या शिक्षिकेला कोण शिकवणार आणि तीन-चार वर्षांनी बॅटऱ्या फुगल्या की पैसे कुठून आणायचे. पहिली-दुसरीला टॅब्लेट नकोतच, असं माझं मत. तिसरीपासून पुढे एकच सामायिक संच असावा, आज या वर्गात, उद्या त्या वर्गात.

बायबलात लूक १४:२८ मध्ये बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा असं सांगितलंय. समितीत ते वाचून दाखवलं, तर एक ज्येष्ठ म्हणाले, "अहो, पण बुरूज फुकट मिळतोय ना!"

तर मंडळी, फुकटचा बुरूज घ्यावा का?

लूपमध्ये_अडकलेला
घ्यावा. लगेच घ्यावा.

छोट्या शाळांत 'आराखडा' ही नको म्हणायची सभ्य रीत असते. आधी उपसमिती, मग तिची बैठक, मग कोरम नाही, मग परीक्षा आल्या. तोवर देणाऱ्याचं मन बदलतं. लूक काढलात तर मत्तय २५ पण काढा. मालकाचं धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचं पुढे काय झालं?

आणि 'पहिली-दुसरीला नकोच' याला आधार काय? संशोधक सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये संगणकाला सूचना द्यायची 'लोगो' ही भाषा केली ती मुलांसाठीच. यंत्राने मुलाला हाकू नये, मुलाने यंत्राला हाकावं, हा तिच्यामागचा विचार. आज 'स्क्रॅच ज्युनिअर' हे अॅप पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीच बनवलेलं आहे, मोफत आहे, वाचता येत नसलं तरी चालतं. त्यात पडद्यावरची मांजर उजवीकडे चार पावलं न्यायची, तर चार हा आकडा पोर आपसूक मोजतं.

कोरी_पाटी
लूपदादा, मी पहिलीच्या वर्गावर आयुष्य काढलंय. तुमची मांजर चार पावलं जायच्या आधी काय काय होतं ते सांगते. पस्तीस मिनिटांचा तास. कपाटातून टॅब्लेट काढून वाटायचे. दोघांचे चार्ज नाहीत. एकाने भाषा बदलून ठेवलीय, आता पडद्यावर काय लिहिलंय ते मलाच वाचता येत नाही. तिघांना पासवर्ड आठवत नाही, एकाला आठवतो पण टाइप करता येत नाही. एकीला शू लागली. खेळ सुरू होईतो तासाचा तिसरा हिस्सा गेला, आणि आवरायलाही वेळ लागतोच. उरलेल्या वेळात मणी मोजले असते तर बेरीज झाली असती.

यंत्राला माझा विरोध नाही. पण पहिलीच्या मुलाचा सगळ्यात मौल्यवान माल म्हणजे बाईंचं लक्ष, आणि ते मी चार्जर शोधण्यात घालवू का?

स्वीडनकडे बघा. डिजिटल शाळांत फार पुढे असलेला देश, तिथल्या सरकारने २०२३ मध्ये छापील पुस्तकांसाठी शाळांना वेगळा निधी दिला आणि बालवाडीतली डिजिटल साधनांची सक्ती काढून टाकायचं ठरवलं.

लूपमध्ये_अडकलेला
बाई, स्वीडनने संगणक फेकून दिले नाहीत. भरपूर वापरून झाल्यावर तोल साधला. ज्यांनी वापरलंच नाही त्यांनी स्वीडनचा दाखला देणं म्हणजे उपाशी माणसाने पथ्य पाळणं.

पासवर्डचं म्हणाल, तर लहान मुलांसाठी क्यूआर कार्ड गळ्यात अडकवून लॉगिन करायची सोय कितीतरी प्रणालींत आहे.

कोरी_पाटी
आणि कार्ड घरी राहिलं की?

केबलवाला_काका
शाळांची यंत्रं दुरुस्त करणं हा माझा धंदा, तेव्हा शास्त्रवचनं तुम्ही बघा, मी वायरीचं बोलतो.

एक. घरातला साधा राऊटर तीस टॅब्लेटना एका वेळी व्हिडिओ देऊ शकत नाही. शाळेसाठीचे अॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारी यंत्रं), केबल, स्विच हे सगळं देणगीत आहे का? बहुतेक नसतंच. नसेल तर इंटरनेटवाचून चालेल असंच काही योजा. 'कोलिब्री' नावाची मोफत प्रणाली आहे. रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर धडे भरून ठेवायचे, वर्गातल्या वर्गात वायफायने ते सगळ्यांना दिसतात, बाहेरच्या जाळ्याची गरज नाही. छोट्या शाळेला हे बरं. फालतू काही उघडण्याचा प्रश्नही तिथेच मिटतो.

दोन. सॉफ्टवेअरचं आयुष्य यंत्रापेक्षा कमी असतं. विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि चांगले चालते संगणक विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत म्हणून देणगीत निघाले. शाळांना "दान" म्हणून हेच येतात. क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या प्रणालीवर चालणारे लॅपटॉप, त्यांच्या प्रत्येक मॉडेलला अपडेट कधी संपणार याची तारीख ठरलेली असते. स्वस्तातल्या अँड्रॉइड टॅब्लेटला तर पुढे अपडेट येतील की नाही इथूनच सुरुवात. तेव्हा देणगीदाराला पहिला प्रश्न किमतीचा नाही, "याला अपडेट कधीपर्यंत?" हा विचारा.

तीन, आणि हे मी सगळीकडे बघतो. मंडळीतला एखादा उत्साही तरुण सगळं बसवून देतो. स्वतःच्या ईमेलवरून खाती उघडतो, राऊटरचा पासवर्ड त्याच्याच डोक्यात. दोन वर्षांनी त्याला दुसरीकडे नोकरी लागते. मग मला बोलावतात, आणि मी सगळं पुसून पहिल्यापासून बसवतो. मुलांचं काम जातं ते जातंच. खाती शाळेच्या नावावर, पासवर्ड लिहून बंद पाकिटात, तिजोरीत. आराखड्यात एवढं एकच पान असलं तरी मी त्याला आराखडा म्हणेन.

घंटानाद
सगळे वायरी आणि बॅटऱ्यांवर बोलताहेत. ही ख्रिस्ती शाळा आहे, एवढं तरी लक्षात आहे का? पालक पोराला आपल्याकडे घालतात ते संस्कारांसाठी. त्याच्या हातात अख्खं जग देऊन पाठवायचं आणि वर फिल्टर लावलाय म्हणायचं? २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या शाळांनी आयपॅड वाटले, पोरांनी काही दिवसांतच बंदोबस्त मोडून काढला.

लूपमध्ये_अडकलेला
ती हायस्कूलची पोरं होती हो. इथे पाचवीपर्यंतची शाळा आहे.

घंटानाद
आमच्या पाचवीतल्यांना भेटा एकदा.

दोघांची_आई
माझी दोन्ही मुलं अशाच शाळेत आहेत. घंटानाद, फिल्टरचं भय मला तेवढं नाही. घरी आजोबांच्या मोबाईलला कुठला फिल्टर आहे? शाळेने कुलूप लावण्यापेक्षा सवय लावावी. वाईट काही दिसलं तर पडदा उलटा ठेवायचा आणि बाईंना सांगायचं, सांगितल्याबद्दल ओरडा बसणार नाही, हे पहिलीच्या पोरालाही कळतं. ख्रिस्ती शाळेत तर हे जास्त नीट व्हायला हवं. चूक कबूल करणं आणि क्षमा यावर आपण रविवारच्या शाळेत एवढं शिकवतो ना?

माझी भीती वेगळी आहे, मुलांच्या माहितीची. शाळा छोटी, सगळे ओळखीचे, म्हणून कोणी काही विचारतच नाही. नाताळच्या नाटकाचे फोटो पूर्ण नावानिशी मंडळीच्या पानावर. बाईंनी मोफत मिळालं म्हणून एखादं अॅप घेतलं, त्यात मुलांची नावं, जन्मतारखा भरल्या. मुलाची माहिती घ्यायला पालकाची संमती लागण्याचं वय अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात तेराच्या आत आहे. युरोपात सोळाच्या आत, पण देशांना ते तेरापर्यंत खाली आणायची मुभा आहे. भारताच्या २०२३ च्या कायद्यात अठराच्या आत. कुठलंही धरलं तरी प्राथमिक शाळेतलं झाडून प्रत्येक पोर त्यात येतं. आराखड्यात अॅपची यादी हवी, आणि यादीबाहेरचं अॅप घ्यायचं तर कोणाला विचारायचं तेही हवं.

घंटानाद
फोटोंचं मान्य. ते मीच बंद करायला सांगतोय कधीपासून.

पण सवय लावायलाही माणूस लागतो. सहा शिक्षिकांत तो कोण?

प्रार्थना_आणि_पेनड्राइव्ह
चर्च नेहमीच नव्या साधनांच्या पुढे राहिलंय, विसरू नका! गुटेनबर्गने पहिलं मोठं काम छापलं ते बायबलच!

कोरी_पाटी
या विषयावर गुटेनबर्ग येणार हे माहीत होतं. छापील बायबलला खातं उघडावं लागत नाही, आणि वाचता वाचता ते मध्येच दुसरं काही दाखवत नाही.

दाखला द्यायचाच तर कोमेनियसचा द्या. बिशप होता आणि शिक्षक. १६५८ मध्ये मुलांसाठी चित्रांचं पाठ्यपुस्तक काढलं. त्या काळी तेच नवं तंत्र. पण मुलाने वस्तू स्वतः बघावी, हाताळावी, मग शब्द शिकावा, हा विचार त्याने आधी केला. पुस्तक त्या विचारातून निघालं. आपल्याकडे टॅब्लेट आधी आलेत आणि विचार शोधत बसलोय.

समितीतला_एक
बाई, हे समितीत वाचून दाखवतो.

लूपदादा, तुमच्या उत्साहावर एक आकडा. पेरू देशाने 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही योजना फार मोठ्या प्रमाणावर राबवली. ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळांवरचा अभ्यास इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. गणित आणि भाषा, दोन्हींच्या गुणांत फरक दिसला नाही.

लूपमध्ये_अडकलेला
अर्धाच वाचलात. त्याच अभ्यासात मुलांच्या सर्वसाधारण बौद्धिक चाचण्यांत थोडी वाढ दिसली होती. शिवाय तिथे चुकलं ते शिक्षकांच्या तयारीत. म्हणजे शिक्षक तयार करा, यंत्रं परत पाठवू नका.

समितीतला_एक
शिक्षक आधी तयार करा हेच तर मी म्हणतोय!

लूपमध्ये_अडकलेला
नाही, तुम्ही 'आधी' म्हणताय, मी 'सोबत' म्हणतोय. यंत्र हातात नसताना दिलेलं प्रशिक्षण म्हणजे पाण्याबाहेर पोहायचा क्लास.

तिसरा_बाक
या भांडणात एक मूल राहून गेलं. माझ्या भाचीला खूप कमी दिसतं. ती अशाच छोट्या शाळेत जाते, विशेष शिक्षक नाही, येणारही नाही. फळ्यावरचं तिला दिसत नाही. टॅब्लेटवर फळ्याचा फोटो काढून मोठा केला की दिसतं. धडा मोठ्याने वाचून दाखवायची सोय अँड्रॉइडमध्ये आहेच, विंडोजसाठी 'एनव्हीडीए' मोफत मिळतं. तिच्या बाईंनी कुठलाही आराखडा न करता हे सुरू केलं.

'पहिली-दुसरीला नकोच' असा नियम लिहाल, तेव्हा तिच्यासारखीला कुठे बसवाल?

कोरी_पाटी
तिला पहिल्या दिवसापासून द्यायचा. यावर बैठकही नको.

समितीतला_एक
हो. इयत्तेवरून नियम करणं इथे अपुरं पडतं. 'वर्गाला नको, गरज असलेल्या मुलाला हवाच' असं लिहितो. वाचनात अडखळणारी दोन मुलंही डोळ्यांसमोर आली.

देणारा_हात
मी दुसऱ्या एका शाळेला असंच काही दिलंय, म्हणून पलीकडची बाजू सांगतो. आम्हाला टॅब्लेटचीच हौस असते असं नाही. शाळेने काय हवं ते कधी सांगितलंच नव्हतं. विचारलं तर "तुमच्या इच्छेने द्या" म्हणाले. मग दुकानात जे चकचकीत दिसतं ते माणूस घेतो. पहिल्या दिवशी वाटप हवं ही अटही बहुधा फोटोसाठी असेल, हे मी माझ्यावरून सांगतो. वीस टॅब्लेट, एक कुलपाचं चार्जिंग कपाट, दोन अॅक्सेस पॉइंट आणि शिक्षिकांचं प्रशिक्षण, अशी यादी कोणी हातात दिली असती तर मी तीच दिली असती. फोटो कपाटाचाही काढता येतो.

घंटानाद
पैसे तुमचे आणि यादी शाळेची, हे सगळ्या देणाऱ्यांना पटत नाही बरं.

देणारा_हात
न पटणाऱ्याकडून घेऊ नये. त्यांची देणगी पुढे महाग पडते.

लूपमध्ये_अडकलेला
बोलणं सोपं आहे. छोट्या शाळेला दुसरा देणारा कुठे मिळतो?

केबलवाला_काका
यादीत दोन दुरुस्त्या. वर्गात वीस मुलं असतील तर तेवीस घ्या, दोन-तीन कायम दुरुस्तीला असणार. आणि युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षण अहवालातली एक गोष्ट. ब्रिटनमधल्या शिक्षण-तंत्रज्ञान कंपन्यांपैकी फक्त ७ टक्क्यांनी आपल्या मालाच्या काटेकोर तुलनात्मक चाचण्या घेतल्या होत्या. तेव्हा विकणारा "शंभर टक्के निकाल" म्हणाला की कागद मागा.

समितीतला_एक
रविवारी उपासनेनंतर देणाऱ्या कुटुंबाला भेटतोय, मुख्याध्यापिकाही सोबत येताहेत. विचारणार हे: संच तेवीसचा करू, उरलेल्या पैशातून कपाट, जाळं आणि प्रशिक्षण करता येईल का, आणि काही भाग पुढे जुनी यंत्रं बदलायच्या निधीत ठेवता येईल का? वाटप नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशीच करू, पण आधी शिक्षिकांना. त्यांनी पहिली सहामाही वापरून बघायचं, मुलांच्या हातात दुसऱ्या सहामाहीत. कमी दिसणाऱ्या आणि वाचनात अडणाऱ्या मुलांना मात्र पहिल्या दिवसापासून.

लूपमध्ये_अडकलेला
सहामाही फार झाली. एक महिना द्या, नाहीतर कपाटातच म्हातारे होतील.

कोरी_पाटी
एका महिन्यात माझ्याने व्हायचं नाही. पण निदान चौथीच्या बाईंना विचारा, त्या तरुण आहेत.

केबलवाला_काका
भेटीला जाताना मॉडेलचा नंबर विचारून या. अपडेट कधी संपतात ते मी बघून सांगतो.